वारांचे रंग ही नुसती कल्पना नाही

'मला मंगळवार कायम तांबडा दिसतो' असं इथे एका ताईंनी लिहिलं, त्यावर 'लहानपणच्या अंकलिपीतले रंग डोक्यात बसले असतील' असं उत्तर आलंय. ते मला अर्धंच पटलं. काही जणांना अक्षरं, आकडे किंवा वार कायम ठरावीक रंगांत दिसतात, त्याला सिनेस्थेशिया म्हणतात. २०१३ साली अमेरिकेत अशा ११ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांना दिसणारे अक्षरांचे रंग लहानपणी खेळलेल्या चुंबकी अक्षरांच्या रंगांशी खूपच जुळले. म्हणजे आठवणीचा हात असतो खरा. पण माझी अंकलिपी काळ्या शाईत छापलेली होती, तरी माझा ४ गडद जांभळा आहे आणि ५ पोपटी.

आणि एक गोष्ट मी आजवर घरच्यांशिवाय कुणाला सांगितलेली नाही. इंग्रजी आठाचा आकडा आपल्या ४ सारखा दिसतो, म्हणून तोही मला जांभळाच दिसतो. इंग्रजी चार आपल्या ५ सारखा, म्हणून पोपटी. रंग किमतीला नाही, आकाराला चिकटलाय. आठवीत गणित सेमी-इंग्रजीत गेलं तेव्हा दोन-तीन महिने माझी साधी बेरीज चुकायची आणि का चुकते ते बाईंना सांगता येईना. हा सिनेस्थेशिया आहे हे मला फार उशिरा कळलं. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनाही समीकरणांतली अक्षरं रंगीत दिसायची, हे वाचलं तेव्हा खूप मोकळं वाटलं.

मंगळवारवाल्या ताई, सातही वारांचे रंग आजच कागदावर लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी तो कागद न बघता पुन्हा लिहा. संशोधकही अशीच पडताळणी करतात. माझे सगळे जुळले होते.