‘पुत्र’ राहू द्या
काहींचं म्हणणं आहे की बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या भाषांतरात ‘पुत्र’ऐवजी सरसकट ‘मुले’ म्हणावं, म्हणजे स्त्रिया वगळल्या जाणार नाहीत. हेतू मान्य, पण मला हे पटत नाही. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाचा ‘हुइओथेसिया’ हा ग्रीक शब्द दत्तकविधानाचा, म्हणजे पुत्र म्हणून स्वीकारण्याचा. रोमन लोक दत्तक घेत ते बहुधा मुलगेच, तेही पुष्कळदा चांगले मोठे झालेले. घराण्याचं नाव आणि मिळकत पुढे चालावी म्हणून. याच पत्रात 3:28 मध्ये स्त्री-पुरुष भेद पुसून पौल 4:7 मध्ये पुत्राला वारस ठरवतो. म्हणजे मुलग्याचा पुरा वारसाहक्क बाईलाही! ‘मुले’ म्हटलं की ही धारच जाते. रोमकरांस पत्रात 8:17 मध्ये तो स्वतः ‘तेक्ना’, म्हणजे मुले, लिहितो. तिथे खुशाल तसंच ठेवा. आणि त्याच्याच करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं 6:18 जरूर बघा: दावीद राजाला त्याच्या वंशजाविषयी दिलेल्या ‘पुत्र’ या वचनात तिथे ‘कन्या’ही आल्या आहेत.