मदत हवी आहे: दुबईला फ्रोझन मोदक, रीफरमध्ये (शीत कंटेनरमध्ये) जागा कशी मिळवायची?

मंडळी, चिपळूणला आमचा फ्रोझन उकडीच्या मोदकांचा छोटा उद्योग आहे. गणपतीआधी न्हावा शेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदरात माल पाठवायचाय, पण भरतो जेमतेम दोन पॅलेट. अख्खा २० फुटी रीफर कसा परवडणार? उणे १८ अंशांवर इतरांच्या मालासोबत जागा देणारा भरवशाचा कन्सॉलिडेटर कोणी सांगेल का? सोबत थंड श्रीखंडही धाडायचं होतं, पण एका कंटेनरला एकच तापमान, म्हणून ते बाद.

रीफर माल गोठवत नाही, आहे ते तापमान टिकवतो, म्हणून आम्ही आधीच गोठवून भरणार. खरी धास्ती बंदरातली! यार्डात कंटेनरला विजेचा प्लग लागेपर्यंत साधारण किती वेळ जातो? पारी एकदा सैल पडून पुन्हा गोठली की तडकते. आणि डेटा लॉगर (तापमान नोंदवणारं यंत्र) दारापाशी ठेवावा की खोक्यात?