शब्दचर्चा : 'जडत्व' म्हणजे जडपणाच ना?

प्रश्न

मुलगी नववीत आहे, मराठी माध्यमात. सध्या 'गतीचे नियम' चालू आहेत. काल तिनं विचारलं, "आई, जड म्हणजे वजनदार. मग जडत्व म्हणजे वजनच झालं की! वजन, वस्तुमान, जडत्व असे तीन-तीन शब्द कशाला?" माझ्या मावसभावाचं म्हणणं असं की हा सगळा घोळ मराठी शब्दांमुळे होतो. सेमी-इंग्रजीतली मुलं 'इनर्शिया' म्हणतात, त्यांना ही अडचण येत नाही. 'जड' या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि भौतिकशास्त्रात तो कोणत्या अर्थानं घेतलाय, हे कुणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद

ताई, तुमच्या मुलीनं अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. वर्गात हा प्रश्न बहुतेक मुलांच्या मनात असतो, पण विचारणारी थोडी.

मराठीत 'जड' दोन अर्थांनी चालतो. एक भाराचा. पिशवी जड आहे, पुरणपोळी पचायला जड, जड अंतःकरणानं निरोप, 'अवजड वाहनांना प्रवेश बंद'. रायगड जिल्ह्यात थळला जड पाण्याचा कारखाना आहे, तिथलं 'जड'ही याच अर्थाचं. ते पाणी साध्या पाण्यापेक्षा साधारण ११ टक्के जास्त घनतेचं असतं, म्हणून जड.

दुसरा अर्थ जुना आहे आणि संस्कृतातून आलेला आहे : ज्याला स्वतःहून हालचाल नाही, जाणीव नाही ते. जड आणि चेतन ही जोडी, जडवाद, जडबुद्धी, हे सगळे त्यातलेच. पुराणकथेतल्या जडभरताला ते नाव त्याच्या वजनावरून मिळालेलं नाही. तो जगाच्या दृष्टीनं मंद, काहीच न करणारा वाटायचा, म्हणून तो जड. (व्यसन जडणं, जडाव, जडणघडण यांतला 'जड' वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.)

जडत्व हा शब्द या दुसऱ्या अर्थावरून बनवलाय. वस्तू आपण होऊन आपली स्थिती बदलत नाही, बदल घडवायचा तर बाहेरून बल लावावं लागतं, हा तिचा गुणधर्म म्हणजे जडत्व. परिभाषा घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जडभरत होता आणि मुलांच्या डोळ्यांपुढे दप्तर असतं. गफलत तिथे होते. म्हणून वर्गात व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी 'जड'चे हे दोन अर्थ मुलांकडूनच काढून घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. दहा मिनिटं लागतात आणि पुढचे दोन धडे सोपे जातात.

तुमच्या भावाच्या मुद्द्याबद्दल. 'इनर्शिया' हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ आळस, निष्क्रियता असाच आहे. पदार्थाच्या बाबतीत तो आधी खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं वापरला, आणि त्याला अभिप्रेत होती ती वस्तूची थांबून राहण्याची ओढ. न्यूटननं १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रिन्सिपिया'त तोच शब्द घेऊन त्याचा अर्थ रुंदावला : थांबलेली वस्तू थांबलेली राहील आणि चालती वस्तू त्याच वेगानं सरळ रेषेत चालत राहील. म्हणजे 'आळशी' हा अर्थ लॅटिनलाही अपुरा पडला आणि 'अचेतन' हा अर्थ मराठीलाही अपुरा पडतो. फरक एवढाच की मराठी मुलाला आपल्या शब्दातला अपुरेपणा ओळखता तरी येतो. 'इनर्शिया' पाठ करणाऱ्या मुलाच्या मनात त्या शब्दाचं कोणतंच चित्र नसतं, त्यामुळे त्याला शंकाही येत नाही. शंका न येणं म्हणजे समजणं नव्हे.

या अपुरेपणामुळेच मुलं जडत्वाची उदाहरणं देताना फक्त थांबलेल्या वस्तूंची देतात. गोधडी झटकली की धूळ मागे राहते, स्ट्रायकरनं खालची सोंगटी उडवली तरी वरची चळत जागच्या जागी बसते. एसटी करकचून थांबली की उभे असलेले लोक पुढे का झुकतात हे विचारलं, की उत्तर येतं, 'धक्का बसतो म्हणून.' वास्तविक त्यांना पुढे कुणीच ढकलत नाही. पाय गाडीच्या तळाबरोबर थांबतात, वरचं शरीर आधीच्याच वेगानं चालत राहतं. तिसरा प्रकार दिशेचा. सुरीला धार लावताना ठिणग्या चाकाभोवती गोल फिरत नाहीत. ज्या बिंदूपाशी सुटतात तिथल्या स्पर्शिकेवरून सरळ जातात.

आता तुमच्या मुलीचं म्हणणं पुरतं चूकही नाही. जड पिशवीचं जडत्व खरोखरच जास्त असतं. जडत्व किती, हे मोजण्याचं माप म्हणजे वस्तुमान. आणि पृथ्वी त्या वस्तुमानाला किती बलानं खाली ओढते, ते वजन. पृथ्वीवर एका ठिकाणी वस्तुमान दुप्पट तर वजनही दुप्पट. दोन्ही गोष्टी कायम हातात हात घालून येतात, म्हणून हाताला फरक कळत नाही. फरक दिसायला त्यांची फारकत करावी लागते.

६० किलो वस्तुमानाचा माणूस घ्या. पृथ्वीवर त्याचं वजन ६० गुणिले ९.८ (हे पृथ्वीचं गुरुत्व त्वरण), म्हणजे ५८८ न्यूटन. चंद्रावर गुरुत्व त्वरण सुमारे १.६ आहे, तिथे त्याचं वजन ९६ न्यूटनच्या आसपास भरेल. वस्तुमान मात्र ६० किलोच. वाण्याच्या जुन्या दोन पारड्यांच्या तागडीत चंद्रावरही एक किलो साखर एक किलोच भरेल, कारण साखर आणि माप दोघंही सारखेच हलके झालेले असतील. स्प्रिंगच्या ताणकाट्यावर तीच साखर सहाव्या हिश्शाएवढी दिसेल. तागडी वस्तुमानांची तुलना करते, ताणकाटा ओढ मोजतो.

त्याहून चांगलं उदाहरण अंतराळ स्थानकाचं. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं असं अनेकांना वाटतं, पण जमिनीवरच्या मानानं नव्वद टक्क्यांच्या आसपास ते तिथेही असतं. स्थानक आणि आतली माणसं सगळी एकत्रच पृथ्वीकडे सतत पडत असतात, म्हणून काट्यावर उभं राहिलं तर काटा शून्य दाखवेल. अशा ठिकाणी १०० किलोची पेटी हवेत तरंगते, उचलायला काहीच लागत नाही. पण ती सरकवायला जोर लावावाच लागतो आणि सरकलेली पेटी थांबवायलाही तेवढाच. पेटी आणि भिंत यांच्या मध्ये हात सापडला तर तो चेंगरेल. जडपणा गेला, जडत्व तसंच राहिलं. मुलीला एवढं एक वाक्य पटलं तरी प्रश्न सुटला.

प्रतिसाद

सरांच्या लिहिण्यात थोडी भर, संस्कृतच्या बाजूनं.

अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात पदार्थांचे जे गुण मोजलेत त्यांत 'गुरुत्व' आहे. पहिल्यांदा खाली पडण्याला कारण होणारा गुण, अशी त्याची व्याख्या. त्यात 'संस्कार' नावाचाही गुण आहे आणि त्याचे तीन प्रकार सांगितलेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकवलेली चटई पुन्हा मूळ आकारात येते ती स्थितिस्थापकामुळे. रबराची 'स्थितिस्थापकता' आपण शाळेत शिकतो, तो शब्द थेट तिथून आलेला आहे.

मला लक्षवेधी वाटतं ते 'वेग'. तिथला वेग म्हणजे अमुक वेळात अमुक अंतर असा हिशेब नव्हे. वस्तूत मुरलेला, तिला पुढे नेत राहणारा गुण असा त्याचा अर्थ आहे. आजच्या परिभाषेत तो 'संवेगा'च्या (वस्तुमान गुणिले वेग) जास्त जवळ जातो. अर्थात याचा अर्थ नैयायिकांना, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांना, न्यूटनचे नियम ठाऊक होते असा अजिबात होत नाही. त्यांचं गुरुत्व एका वस्तूचा गुण आहे, दोन वस्तूंमधलं आकर्षण नाही, आणि त्यात मोजमाप नाही. शब्द जुने, आशय नवा.

प्रतिसाद

विषय निघालाच आहे तर 'शक्ती' आणि 'बल' यांबद्दलही बोलूया. आमचा शेतीपंप दुरुस्तीचा व्यवसाय आहे. बोलताना सगळे म्हणतात 'मोटरला ताकद नाही', 'जोर कमी पडतो', 'पॉवर येत नाही'. पुस्तकात बल, ऊर्जा आणि शक्ती तीन वेगळ्या. 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' यातली शक्ती पुस्तकातली कोणती?

प्रतिसाद

छान प्रश्न विचारलात दादा. त्या म्हणीतली शक्ती म्हणजे भौतिकशास्त्रातलं बल. दोनशे किलोचा धोंडा हातांनी उचलायचा तर १९६० न्यूटन बल हवं. पहार घालून टेकूपासून आपली बाजू धोंड्याच्या बाजूच्या पाचपट ठेवली, की ३९२ न्यूटन पुरतात, म्हणजे चाळीस किलो उचलण्याइतका जोर. पण धोंडा दहा सेंटिमीटर वर यायला आपलं टोक पन्नास सेंटिमीटर खाली दाबावं लागतं. बल गुणिले विस्थापन, म्हणजे कार्य, दोन्हीकडे १९६ ज्यूलच. युक्तीनं बल वाचतं, कार्य वाचत नाही.

पुस्तकातली शक्ती म्हणजे कार्य किती झपाट्यानं होतं ते. तुमच्या धंद्यात ती रोज वापरली जाते, फक्त 'एचपी' या नावानं. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणून पाच एचपीची मोटर सुमारे ३.७ किलोवॅटची. ती एक तास चालली तर जे युनिट पडतात ती ऊर्जा. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. विहीर तीच, टाकी तीच, तर लहान मोटर आणि मोठी मोटर तेवढंच कार्य करतील. मोठी लवकर संपवेल. 'भारनियमना'तला भारही असाच, तो वजनाचा नसून विजेच्या मागणीचा आहे. जुन्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत 'अणुभार' असायचा, आता 'अणुवस्तुमान' लिहितात. तो बदल मला फार योग्य वाटतो, कारण तिथे प्रश्न वस्तुमानाचाच असतो.

'चाल' आणि 'वेग' यांचं थोडक्यात. वर्तमानपत्रात 'ताशी १०० किलोमीटर वेगानं' लिहितात, बोलीत ते चालतं. पुस्तकाच्या हिशेबानं ती चाल, दिशा सांगितली की वेग. ४०० मीटरच्या धावपट्टीवर ८० सेकंदांत एक फेरी मारून मुलगी निघाली तिथेच परत आली, तर तिची सरासरी चाल सेकंदाला ५ मीटर आणि सरासरी वेग शून्य. घामाघूम झालेल्या मुलीला हे ऐकायला बरं वाटत नाही, पण विस्थापन शून्य आहे ना! 'विस्थापन' म्हटलं की आपल्याला धरणग्रस्त आठवतात. तो अर्थही इथे बाजूला ठेवून फक्त एवढंच पाहायचं, की सुरुवातीच्या जागेपासून शेवटची जागा सरळ रेषेत किती लांब आणि कोणत्या दिशेला.

'त्वरण' त्वरेवरून आलाय, म्हणून मुलं त्याचा अर्थ फक्त वेग वाढणं असा घेतात. ब्रेक लागणं हेही त्वरणच, ऋण त्वरण. आणि चाल न बदलता गाडी वळणावरून गेली तरी दिशा बदलली, म्हणून तेही त्वरण.

उपप्रश्न (मूळ प्रश्नकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. पेटीचं उदाहरण तिला लगेच पटलं. पण तिचा पुढचा प्रश्न तयार आहे : अंतराळात काटा शून्य दाखवत असेल, तर तिथे माणसाचं वस्तुमान मोजणार कसं? आणि घरी जडत्व 'बघता' येईल का, वजन मध्ये न आणता?

प्रतिसाद

तिला शाबासकी द्या. १९७३ मध्ये सोडलेल्या स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकात हेच करायचं होतं. तिथे स्प्रिंगला जोडलेली एक खुर्ची होती. अंतराळवीर तिच्यात स्वतःला बांधून घ्यायचा, खुर्ची ओढून सोडायची आणि एका हेलकाव्याला किती वेळ लागतो ते मोजायचं. वस्तुमान जास्त तर जडत्व जास्त, म्हणून हेलकावा संथ. वस्तुमान चौपट झालं तर हेलकाव्याचा वेळ दुप्पट होतो. या हिशेबात वजन कुठेच येत नाही.

घरी हॅकसॉचं एक पातं घ्या. टेबलाच्या कडेला ते घट्ट आवळा, निम्म्याहून जास्त लांबी बाहेर राहू द्या. पात्याची रुंद बाजू उभी असली पाहिजे, म्हणजे ते वर-खाली न हलता डावी-उजवीकडे हलेल. हे महत्त्वाचं आहे, कारण गुरुत्वाकर्षण खाली ओढतं आणि हालचाल आडवी होते, त्यामुळे वजनाचा तिच्यावर जवळपास परिणाम होत नाही. दातांनी हात कापू नये म्हणून पात्याला आधी चिकटपट्टी लावा. मोकळ्या टोकाला मातीचा गोळा चिकटवा, बाजूला ओढून सोडा आणि दहा हेलकाव्यांना लागणारा वेळ मोबाइलवर मोजा. मग गोळा दुप्पट करा, तिप्पट करा आणि प्रत्येक वेळी वेळ लिहून ठेवा. आकडे हळूहळू वाढत जातील. वहीत आडव्या अक्षावर गोळ्याचं वस्तुमान आणि उभ्या अक्षावर वेळेचा वर्ग घेऊन आलेख काढायला सांगा, जवळपास सरळ रेषा येईल. ती शून्यातून जाणार नाही, कारण पात्यालाही स्वतःचं वस्तुमान आहे. रेषा शून्यातून का जात नाही, हे मात्र आधी तिलाच विचारा.