मदत हवी आहे: एमजीबी रोडस्टर, सिल बदलल्यावर दाराची फट बिघडली

नमस्कार मंडळी. गाडी 1967 ची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश, दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार), उजव्या स्टिअरिंगची. हिला वेगळी चॅसी नाही आणि वर छप्परही नाही, त्यामुळे सगळा कणा दोन्ही बाजूंच्या सिलमध्येच (म्हणजे दाराखालच्या लांब पोकळ पेट्यांत). उजवीकडचा कॅसल रेल (सिलच्या तळाचा भाग), आतला सिल, मधला उभा पत्रा आणि बाहेरचा सिल, चारही नवे बसवले. पत्रा 1.2 मिमी, मिग वेल्डिंगची तार 0.6 मिमी, भोकं पाडून दर 25 मिमीला टाका.

कापण्याआधी दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत 4 मिमी होती. आता वर 2, खाली 6. दार हाताने जरा उचलल्याशिवाय लॉक लागत नाही. बॉडी मध्यभागी खचली आहे, हे उघड आहे. दाराच्या चौकटीत आधाराचा पाइप एकच होता, तोही खालच्या अंगाला. इंजिन गाडीतच, स्टँड पुढच्या क्रॉसमेंबरखाली (आडव्या तुळईखाली) आणि मागच्या अॅक्सलखाली. माती तिथेच खाल्ली बहुधा.

बिजागरीच्या शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून फट झाकता येईल, पण मग पुढच्या मडगार्डची रेघ चुकते. तो उपाय नको.

बाहेरचा सिल फक्त मागच्या खांबापाशी सोडवून मध्ये जॅक दिला तर भागेल, की आतलाही कापावा लागेल? जॅक काढल्यावर पत्रा थोडा परत येतो, त्यासाठी किती जास्त उचलायचं? आणि डावी बाजू अजून जुनी, न कापलेली आहे. ती उचलताना अडेल का?