सहकाऱ्याची अडचण ऐकायला बसतो आणि सगळेच सल्ले देत सुटतो. गट कसा चालवावा?

पायथ्याचा शिक्षक, चोपडा तालुका

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, सातपुड्याच्या पायथ्याशी. वर्गात निम्मी मुलं पावरा आदिवासी, बाकीची घरी अहिराणी बोलणारी. आसपासच्या शाळांतले आम्ही सात जण जुलैपासून महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटली की एकत्र बसतो. आमच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद वेगळी, तिथले विषय आधीच ठरलेले असतात. आम्हाला एकमेकांच्या वर्गात अडलेलं सोडवायचं होतं.

पण एकाने तोंड उघडलं की दोन मिनिटांत बाकीचे सुरू: “माझ्याकडेही असंच होतं, तू असं कर.” मागच्या बैठकीत एक ताई बोलत होती, नोकरीचं दुसरंच वर्ष. तिच्या दुसरीतली पावरा मुलगी दिवाळीनंतर आईबापाबरोबर उसतोडीला जाते, होळीला परतते तोवर अक्षरं गेलेली असतात. ताईचं वाक्य पुरं व्हायच्या आत पाच सल्ले आले. त्यातले तीन एकच: आईबाप बाहेर असताना मुलांना गावाकडेच ठेवतात, त्या हंगामी वसतिगृहात ठेव. पहिला माझा होता. तिने सगळं वहीत उतरवलं, “हो सर” म्हणाली आणि नंतर बोललीच नाही. ते मला फार लागलं. दिवाळीआधी एकच बैठक उरली आहे.

गटप्रवर्तक, शहादा

सर, मी आशाताईंच्या बैठका घेते. आमच्याकडेही हेच व्हायचं.

एका बैठकीत एकीचाच प्रश्न घ्या. तिला दहा मिनिटं बोलू द्या, मध्ये कुणी नाही. मग बाकीच्यांनी फक्त विचारायचं. इथे लक्ष ठेवावं लागतं, कारण सल्ला प्रश्नाचा वेश घेऊन येतो. “तू सासूशी बोलून का नाही बघितलं?” हा सल्लाच झाला. “त्या घरात ठरवतं कोण?” हा प्रश्न. फरक कळायला आम्हाला तीन-चार बैठका लागल्या.

विचारून झालं की जिची अडचण आहे तिने पाठ फिरवून बसायचं. बाकीच्या आपसात बोलतील, तिने उत्तर द्यायचं नाही, हवं तर लिहावं. तोंडासमोर बसली की मोठ्यांचा मान राखायला ती मान हलवत राहते. पाठ असली की खरंच ऐकते. शेवटी ती एकच गोष्ट सांगेल, महिनाभरात काय करून बघणार ते. पुढची बैठक तिथूनच सुरू करायची.

आणि घरांची नावं घेऊ नका. आपल्याकडे दहा गावांत कुणी ना कुणी कुणाचं नातेवाईक निघतंच.

निवृत्त अध्यापक, धुळे

ही पद्धत जुनी आहे. रेग रेव्हन्स नावाचा इंग्रज होता, मूळचा भौतिकशास्त्रज्ञ. ब्रिटनच्या कोळसा खाणी १९४७ साली सरकारी झाल्या, त्या काळात तो तिथल्या शिक्षणाचं काम बघत होता. खाणींच्या व्यवस्थापकांना व्याख्यानं देण्यापेक्षा त्यांनी लहान गटात एकमेकांना प्रश्न विचारावेत, यावर त्याचा भर होता. कोडं आणि समस्या या दोन गोष्टी तो वेगळ्या मानायचा. कोड्याचं उत्तर जाणकाराकडे असतं. समस्येचं एकच बरोबर उत्तर कुणाकडेच नसतं.

तुमच्या उदाहरणात स्थलांतराचं कार्ड कसं भरायचं हे कोडं, ते केंद्रप्रमुखांना फोन करून सुटेल. त्या मुलीला आई घेऊनच का जाते, ही समस्या. गटाचा वेळ समस्येसाठी राखा.

लिपिक, अमळनेर

गटात वरिष्ठ बसतात का? बसत असतील तर नवीन माणूस खरी अडचण सांगणार नाही. एवढंच सांगायचं होतं.

पायथ्याचा शिक्षक, चोपडा तालुका

वरिष्ठ नसतात. पण वीस वर्षं नोकरी झालेले आम्ही तिघं आहोत, ताईसाठी ते तेवढंच झालं. म्हणून यावेळी आम्ही तिघांनी सगळ्यांत शेवटी विचारायचं असं ठरवलं. ताईचाच प्रश्न पुन्हा घेतला, मागच्या वेळेबद्दल आधी तिची माफी मागून.

एका सरांनी विचारलं, “होळीनंतर ती वर्गात पहिल्या दिवशी येते, तेव्हा कशी बसते?” ताई बराच वेळ थांबली. मग म्हणाली, “भाऊ मांडीवर असतो.” दीड वर्षाचा. आईबाप फडात असताना कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, त्याला सांभाळायला मुलगी लागते. आमच्या वसतिगृहाच्या तिन्ही सल्ल्यांत ते लेकरू कुठेच नव्हतं.

ताई पाड्यावर जाऊन आजीला भेटली. तिला पावरी येत नाही, म्हणून चौथीतल्या एका मुलाला सोबत नेलं. आजी म्हणाली, मोठी राहू दे, पण लहान्याला ठेवून घेणार नाही, तो आईचं दूध पितो. दिवाळी झाली, मुलगी गेली. जाताना ताईने तिला चित्रांची पुस्तकं दिली आणि मुकादमाचा नंबर घेतला. रविवारी मुलगी त्या फोनवर ताईला एकेक पान वाचून दाखवते. दोन रविवार झाले. एकदा रेंज नव्हती.

गटप्रवर्तक ताई, एक विचारायचं आहे. डिसेंबरची बैठक एका सरांच्या शेतात आहे, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. अडचण मांडायची पाळी माझी आहे. पण ताईचं काम अजून अर्धं आहे. अशा वेळी तिला किती वेळ द्यावा?