टेडी वेदरफर्डचा डावा हात

अमेरिकन जाझ पियानोवादक टेडी वेदरफर्डचा विषय निघाला म्हणून लिहिल्यावाचून राहवलं नाही. मुंबईच्या ताजमध्ये वाजवायचा, एवढंच बहुतेकांना ठाऊक. पण १९२६ साली शिकागोत अर्स्किन टेटच्या बँडबरोबर केलेलं त्याचं ध्वनिमुद्रण ऐका. साक्षात लुई आर्मस्ट्राँग ट्रम्पेट फुंकतोय, तरी कान पियानोकडेच वळतो! १९४५मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्यानं गेला, जेमतेम ४१ वर्षांचा. चुटपुट लागते.

आमच्याकडची बातमी म्हणजे मनगटाचं प्लास्टर परवा निघालं. लगेच पियानोवर बसलो. डावी करंगळी खालच्या सापर्यंत पोचत नाही, अंगठा मात्र एकदम दोन पट्ट्या दाबतो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "सहा आठवडे किती शांतता होती हो घरात!"