उन्हाळी सुट्टीत मुलांना रोज थोडे गणित द्यावे का?

रेघोटी
माझे मत आधीच सांगते: द्यावे. रोज दहा-पंधरा मिनिटे, सुट्टीभर. वाचन सुट्टीत आपोआप चालू राहते. मूल गोष्टीचे पुस्तक उघडते, दिसेल ती पाटी वाचते. भागाकार मात्र कोणी समोर ठेवल्याशिवाय होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली, सुट्टीत मुले किती विसरतात यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात मुले सुट्टीनंतर सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे गेलेली दिसली, आणि वाचनापेक्षा गणितात, विशेषतः आकडेमोडीत, घसरण जास्त होती.

शाळा सुरू झाली की थोडी उजळणी होते आणि वर्ग पुढे निघतो. पाढे अडखळणाऱ्या मुलाला अपूर्णांक समजत नाहीत असे नाही. पण छेद समान करताना त्याचे सगळे लक्ष सात आठे किती यातच अडकते आणि मूळ मुद्दा हातून निसटतो. मग "मला गणित जमतच नाही" सुरू होते. हे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून कळकळीने लिहिते आहे.

मोकळं_रान
अजिबात पटले नाही. त्या जुन्या निष्कर्षांवर पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या आहेत. संशोधक पॉल फॉन हिप्पेल यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की जुन्या चाचण्यांत मुलांना सुट्टीआधी एका इयत्तेची आणि सुट्टीनंतर पुढच्या इयत्तेची प्रश्नपत्रिका मिळत असे. प्रश्नपत्रिकाच बदलली तर गुणांतला फरक विसरण्यामुळे की मोजपट्टीमुळे, हे कसे ठरवायचे? नव्या पद्धतीच्या चाचण्यांत काही ठिकाणी घसरण दिसते, काही ठिकाणी जवळपास दिसतच नाही.

आणि घरी हे गणित घेणार कोण? ज्यांना स्वतःलाच गणिताची धास्ती आहे असे आईबाप. पहिली-दुसरीच्या मुलांवरचा २०१५ चा एक अभ्यास आहे: अशा पालकांनी गृहपाठात वारंवार मदत केली, तर मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची धास्तीही वाढली. दहा मिनिटांचे गणित आणि त्यानंतर तासभर रडारड, हे मी नात्यातल्या घरांत बघतो. मूल विसरले तर पुन्हा शिकेल. एकदा मनातून उतरलेला विषय परत आणणे फार अवघड जाते.

खडूचा_तुकडा
मी पाचवी-सहावीला गणित शिकवते. दोघांचेही काही बरोबर आहे, पण "गणित विसरतात" हे फार ढोबळ झाले. नेमके काय विसरतात ते बघा. ५०३ मधून २७८ वजा करायला दिले की सुट्टीनंतर ठरावीक उत्तर येते: ३७५. मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करून मोकळे होते. आठातून तीन, सातातून शून्य, पाचातून दोन. उसना घ्यायचा आणि मध्ये शून्य आहे, एवढीच पायरी पुसली गेलेली असते. बेरीज-वजाबाकी म्हणजे काय, हे कोणी विसरत नाही.

तसेच अर्धा अधिक एक तृतीयांश. उत्तर येते दोन पंचमांश. मी एवढेच विचारते, "अर्ध्यात काहीतरी मिळवले, मग उत्तर अर्ध्यापेक्षा लहान कसे आले?" बरीच मुले थांबतात आणि स्वतः खोडतात. जे थांबत नाहीत त्यांची मला काळजी वाटते. त्यांना ती बेरीज आधीही समजलेली नव्हती, फक्त रीत पाठ होती. म्हणून पन्नास बेरजा करून घेण्यापेक्षा, सोडवायच्या आधी "उत्तर साधारण किती येईल?" एवढे रोज विचारा. सुट्टीत घरच्यांकडून माझी इतकीच अपेक्षा आहे.

दुसरी_पाळी
आमच्याकडे दोघेही कामावर. सरावपुस्तक आणून दिले आहे, मुलगा रोज एक पान सोडवतो. चालेल ना?

खडूचा_तुकडा
पान कसे आहे त्यावर आहे. एका पानावर वीस गुणाकारच असतील तर दुसऱ्या उदाहरणानंतर मूल विचार करणे सोडते, क्रिया कोणती हे त्याला आधीच ठाऊक असते. चार वेगवेगळ्या पानांवरचे एकेक उदाहरण खुणा करून द्या. हळू होईल, जास्त चुकेल, तरी करा. आठवायला कष्ट पडतात तेव्हाच गोष्ट पक्की होते. आणि आठवड्याचे सगळे रविवारी उरकू देऊ नका. थोडे थोडे, मध्ये अंतर ठेवून केलेले जास्त टिकते.

मोकळं_रान
असे असेल तर माझा विरोध निम्म्याने कमी होतो. पण मग ते खेळातून का नको? सीगलर आणि रमानी या संशोधकांनी २००८ मध्ये लहान मुलांना १ ते १० आकड्यांचा साधा पटावरचा खेळ दिला. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारच बैठका, आणि त्यांची आकड्यांची समज स्पष्ट सुधारली. वही नाही, लाल शेरे नाहीत.

रेघोटी
ती बालवाडीच्या वयाची मुले होती. चार वर्षांच्या मुलाला खेळ पुरेल, अकरा वर्षांच्या मुलीचा दशांश अपूर्णांकांचा भागाकार फाशांनी सुधारणार नाही. मोठ्यांसाठीही खेळ चांगलेच आहेत. दोन फासे टाकले की बेरीज सात जास्त वेळा का येते, हे छत्तीस शक्यता लिहून शोधायला लावा, मुले रंगून जातात. पण वही-पेन्सिलीचा सराव त्यातून भरून निघत नाही. धास्ती असलेल्या पालकांनी दूर राहावे, हेही मला पटत नाही. त्यांनी शिकवू नये, एवढेच. "तू हे कसे केलेस, मला सांग" म्हणत शेजारी बसायला गणित यावे लागत नाही.

मोकळं_रान
शेजारी बसा, जरूर बसा. पण मूल नको म्हणाले तर त्या दिवशी वही बंद, एवढे तुम्ही मान्य करता का?

रेघोटी
एखाद्या दिवशी, हो. सलग आठवडाभर नको म्हणत असेल तर नाही. तेव्हा उदाहरणे सोपी करीन, मागच्या इयत्तेची देईन, वेळ पाच मिनिटांवर आणीन. पण सोडणार नाही.